कैलासाची वाट आणि वाटेवरची सोबत



दर्शन आटोपून देणगीची पावती घेण्यास कार्यालयात आलेले भाविक अनेकदा विचारतात, "आपण कैलास-मानसरोवर करून आलात ना? आम्हालाही जायचे आहे. सोबत काय न्यावे?" लोकरीचे कपडे, हातमोजे, काठी, औषधे ही यादी कोणीही सांगेल. मला मात्र त्या 'सोबत' शब्दाविषयीच बोलायचे आहे, कारण तेथे माझे उणे पडले होते.

कैलास हे ६,६३८ मीटर उंचीचे शिखर. त्याहून उंच पर्वतांवर माणसे चढून गेली, पण कैलासावर कोणी चढल्याची नोंद नाही. हिंदूंना ते शिवाचे निवासस्थान. जैनांना ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद. बौद्ध आणि तिबेटातील प्राचीन बोन पंथ यांनाही ते तितकेच वंद्य. शिखर पायाखाली घालायचे नाही, सुमारे ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा करायची. बोनपंथीय ती उलट्या दिशेने करतात. काही तिबेटी भाविक तर संपूर्ण वाट लोटांगणे घालीत जातात. आपल्याकडे देवळाभोवती लोटांगण घालताना दमणाऱ्यांनी त्या दगडगोट्यांची कल्पना करून पाहावी!

मी गेलो तो २००६ साली, लिपुलेख खिंडीच्या मार्गाने. तेव्हा कुमाऊँमधील ही वाट पायीच होती. गालाच्या पुढे ४,४४४ पायऱ्यांची उतरण, खाली काली नदीचा रोरावणारा प्रवाह, आणि मग मालपा. ऑगस्ट १९९८ मध्ये येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत साठ यात्रेकरू होते. तेथून जाताना आमच्या तुकडीतील कोणी बोलले नाही. बुधीनंतरच्या छियालेखच्या चढावर पाठीवरच्या पिशवीतील एकेक वस्तू आठवू लागते. घरून हौसेने घेतलेला जादा जोड, दोन जाड ग्रंथ, फराळाचे डबे. गुंजीला पोहोचेपर्यंत त्यांतले बरेचसे मी वाटून टाकले होते. अपरिग्रहावर इतकी प्रवचने ऐकली, पण अर्थ कळला तो खांदे सोलवटल्यावर.

गुंजीला मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी होई. काहींना तेथूनच परत पाठवले जाई. तेव्हा तो मोठा अन्याय वाटे. वस्तुतः तीन हजार मीटरच्या वर शरीराला विरळ हवेची सवय हळूहळूच होते. तेथे एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे जाणते डॉक्टर सांगतात. २०२० मध्ये लिपुलेखच्या दिशेने मोटाररस्ता झाला. पाच वर्षे बंद राहिलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पायांचे श्रम वाचले हे खरे, पण वाहन जितके लवकर वर नेते तितका शरीराला अवधी कमी मिळतो, हे जाणाऱ्यांनी विसरू नये.

आता माझी गोष्ट. प्रदक्षिणेच्या पहिल्या रात्री आम्ही दिरापुकला होतो. समोर कैलासाचे उत्तर मुख चांदण्यात उजळले होते. आमच्या खोलीतील साठी उलटलेल्या एका काकांना सायंकाळपासून डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. पहाटे उठले तर पाय लटपटत होते, बोलणे असंबद्ध झाले होते. उंचीवर ही लक्षणे मेंदूला सूज आल्याची असू शकतात; त्यावर खरा उपाय एकच, विलंब न करता खाली उतरणे. काका हात जोडून म्हणत होते, "मला डोल्माला न्या. महादेव नेईल." दोघे-तिघे म्हणालेही, की येथे देह पडला तर भाग्यच. मी गप्प राहिलो. मला १८,५०० फुटांवरील डोल्मा खिंड दिसत होती.

विदर्भातील एक गुरुजी उठले. अनेक वर्षे पैसे साठवून ते आले होते. त्यांनी आपली पिशवी उचलली, काकांच्या कमरेला हात घातला आणि मदतनिसाला घेऊन दार्चेनची परतीची वाट धरली. जाताना एवढेच म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिराने मागे वळून पाहिले नाही. हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून सांगतो. पण कथा तेथे थांबत नाही. इंद्राचा रथ आल्यावर सोबतच्या कुत्र्याला सोडून त्यात बसण्यास तोच युधिष्ठिर नकार देतो. आणि पुढे, जेथे भावंडे यातनेत आहेत तेथेच राहीन, असे म्हणून स्वर्गाकडे पाठ फिरवतो. व्यासांनी त्याला या दोन परीक्षांत उभे केले ते उगाच नव्हे. दिरापुकच्या त्या पहाटे मी कथेचा फक्त पहिला भाग वाचलेला माणूस होतो.

मी डोल्मा ओलांडली. तेथे हवा जवळपास निम्मीच. दहा पावले टाकावीत आणि काठीवर रेलून उभे राहावे. पलीकडे खाली गौरीकुंड दिसले, हिरवट, कडेला बर्फ. तेथून आलेले पाणी बाटलीत भरून घेतले. दर्शन झाले, डोळे भरून आले, हे खोटे सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी दार्चेनला परतलो. काका उशाला टेकून बसले होते, ओळखून हसले. गुरुजी त्यांचे मोजे दोरीवर वाळत घालत होते. मी बाटली त्यांच्यापुढे धरली, शब्द सुचेनात. त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले, बाटली घेतली, आधी काकांच्या ओंजळीत थोडे पाणी ओतले आणि मग मला विचारले, "कुंडाच्या कडेला अजून बर्फ होता का हो?"