दात्याची सवड आणि मुलाची गरज

निराधार मुलांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की ते बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: वाढदिवस अथवा वडिलांची पुण्यतिथी कोणत्या बालगृहात साजरी करावी? मिष्टान्नाची पंगत, वह्यांचे वाटप आणि मुलांना पुढे बसवून काढलेले छायाचित्र एवढ्याने समाजाचे ऋण फिटते, असे मानणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. (बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे, हे मात्र त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असावे.) या उत्साहाच्या मुळाशी जे गृहीतक आहे, त्याविषयी माझी तक्रार आहे.

ते गृहीतक असे, की बाप वारलेला आहे आणि आई रोजाने खुरपायला जाते, अशा घरातले मूल बालगृहात ठेवले म्हणजे निदान दोन वेळचे अन्न, अंगभर कपडा आणि शाळा यांची तजवीज होते. घरी त्याचे हालच व्हायचे. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या वैरागसारख्या गावी हे मत निर्दय माणसे मांडत नाहीत. चांगली जाणती, वत्सल माणसे मांडतात, आणि त्या आईलाही तेच पटवून देतात, म्हणूनच ते अधिक घातक आहे. मुलाचे अन्न तुटले असेल तर उपाय अन्नाचा करावा, आईच्या वियोगाचा करू नये, इतकी साधी गोष्ट येथे दृष्टीआड होते. संस्था हा अखेरचा उपाय, हे तत्त्व उपरोक्त अधिनियमातच नमूद आहे. आणि आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला घरीच राहून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. पण दारिद्र्य हेच मूल दूर करण्याचे कारण असेल, तर ते कारण आधी दूर करून पाहणे क्रमप्राप्त नाही काय?

यावर आमच्याच जिल्ह्याचा दाखला पुढे केला जातो. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ च्या सुमारास सुरू केलेल्या आणि प्रार्थना समाजाने पुढे चालवलेल्या बालकाश्रमाने असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद. पण ज्या आईला आपले मूल आपले म्हणण्याचीच समाजाने बंदी केली होती, तिच्यासाठी तो दरवाजा उघडला गेला होता. जिला मूल जवळ हवे आहे, तिच्यापुढे तोच दाखला ठेवणे हा त्या पुण्यकार्याचा विपर्यास होय. कोणी बार्शीतील मामासाहेब जगदाळे यांच्या वसतिगृहाचेही नाव घेतात. परंतु वसतिगृहातला विद्यार्थी सुटीत घरी जातो, त्याचे घर त्याच्या पाठीशी उभे असते. घर मोडून जाणारे मूल आणि घराच्या आधारावर शिकायला जाणारे मूल यांची तुलनाच होऊ शकत नाही. ज्या घरात मारहाण आहे, अत्याचार आहे, तेथून मूल हलवलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र त्या अपवादाचा आधार घेऊन गरिबीला गुन्ह्याच्या पंक्तीला बसवणे मला मान्य नाही.

मग स्वयंसेवकाने करावे काय? बालसंगोपन योजनेचा अर्ज पाहावा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक. आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचे नाव एक, आधारकार्डावर दुसरे. तहसील कचेरी बार्शीला, जिल्ह्याची कचेरी सोलापूरला. प्रत्येक हेलपाट्याला एक रोजगार बुडतो, आणि दोन-तीन रोजगार बुडाल्यावर ती बाई कागद पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवून देते. करोनानंतर हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी जे काम उभारले, त्याचे मोल मला यासाठीच मोठे वाटते: त्यांनी या विधवांना दानाच्या रांगेत उभे न करता त्यांच्या हक्काचा पाठपुरावा केला.

स्वयंसेवेने सरकारची जबाबदारी हलकी होते, हा आक्षेप पाठपुराव्याला लागूच पडत नाही, कारण पाठपुरावा सरकारलाच त्याची जबाबदारी पार पाडायला लावतो. अशा कामाला प्रशिक्षण हवे, असेही म्हणतात; ते हवेच, आणि ते देता येते. माझ्या दृष्टीने खरा भेद एकच आहे, तो म्हणजे वेळ कोण ठरवतो हा. दाता आपल्या सवडीने येतो. त्याच्या घरचा वाढदिवस ही तारीख मुलाच्या आयुष्यात कोणत्याच गरजेची नसते. दुसरा माणूस मुलाच्या गरजेच्या वेळी येतो: समितीपुढे हजर व्हायच्या दिवशी, शाळेतून नाव कमी होण्याच्या बेतात असताना, आणि विशेषतः आईबापांनी मूल समितीच्या स्वाधीन केल्यानंतर फेरविचारासाठी कायद्याने दिलेल्या दोन महिन्यांत. त्या दोन महिन्यांत त्या आईच्या ओसरीवर जाऊन बसणारा आणि तिला कोणत्याही बाजूने न ढकलणारा कोणी असतो काय, यावर त्या मुलाचा पुढचा सारा जन्म अवलंबून असतो.

वैरागात सेवानिवृत्त शिक्षक आहेत, तलाठी आहेत, पोस्टातून निवृत्त झालेली माणसे आहेत. कचेरीची भाषा त्यांना मुखोद्गत आहे आणि वेळही त्यांच्यापाशी आहे. बाप नसलेली मुले कोणत्या घरांत आहेत हे अंगणवाडी सेविकेला नेमके माहीत असते. या निवृत्तांपैकी एकेकाने एकेक घर घ्यावे, मुलगा अठरा वर्षांचा होईतो ते सोडू नये, आणि बँकेत पैसे जमा झाले नाहीत अशा महिन्यात त्या आईच्या आधी स्वतः सोलापूरची गाडी धरावी.