गळती कुठे आहे?

मंडळी, आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२-६३ या श्लोकांवर. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, आणि शेवटी बुद्धिनाश. म्हणजे राग ही सुरुवात नाही, मधली कडी आहे. मग सुरुवात शोधायची कशी?

मध्यंतरी आमच्या गाडीतलं कूलंट दर आठवड्याला कमी व्हायचं. खंबाटकी घाटात इंजिन तापायचं, पण पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब नाही. मेकॅनिकने इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मग रेडिएटरला हातपंप लावून साधारण १ बार दाब दिला. गेजचा काटा हळूहळू उतरू लागला. वॉटर पंपाच्या बारीक भोकापाशी वाळलेला गुलाबी डाग सापडला. चालत्या गाडीत तिथून गळायचं आणि लगेच वाफ होऊन उडून जायचं.

मनाचंही असंच नाही का? सुट्टीत शांत राहिलो हा काही पुरावा नाही, दाबच नव्हता. भडकलेलं असताना कारण शोधणं म्हणजे तापल्या रेडिएटरचं झाकण उघडणं. आणि भांडणानंतरचं ‘सॉरी’ हा टॉप-अप. तो हवाच, घरापर्यंत पोचवतो. पण गळती तशीच राहते.

म्हणून आज रात्री, डोकं थंड असताना, एकच प्रसंग मुद्दाम आठवू या. बॉसचा मेल किंवा आईचा टोमणा. घोकायचा नाही, नाहीतर तेच नवं चिंतन होईल. फक्त एवढंच बघायचं : राग येण्याआधी मन कशाभोवती घुटमळत होतं? डाग तिथे आहे.