अळी, भृंगी आणि दूरदर्शन

शास्त्रात कीटभृंगन्याय सांगितला आहे. भृंगीच्या ध्यासाने अळी भृंगीच होते. पाठशाळेत आम्ही हा न्याय घोकला. पण भृंगी पडद्यावरची असली तर? हे काही कुणी शिकविले नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले, ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. रविवारी सकाळी आमच्या नागपुरातले रस्ते ओस पडत. महालात शेजाऱ्यांकडे दाटीवाटीने बसून आम्हीही पाहिले. कुणी टीव्हीला हार घाली, कुणी उदबत्ती ओवाळी. आम्ही मनात हसलो, खोटे कशाला सांगावे?

पण वनवासाची आज्ञा ऐकतानाचा अरुण गोविलांचा तो शांत चेहरा मनात बसला. तोवर टाळकऱ्याचा ठेका चुकला की भर कीर्तनात आम्ही डोळे वटारीत असू. ते हळूहळू सुटले. अयोध्याकांडातला तो प्रसंग आम्हांस मुखोद्गत होता बरे! पाठाने जे झाले नाही, ते चित्राने केले.

एक वृद्ध वीणेकरी म्हणाले, "महाराज, शेवटी नटापासून शिकलात का हो?" लाज वाटली. म्हटले, "बाबाजी, देव्हाऱ्यातली मूर्तीही कारागीरच घडवितो ना?"

"हो, पण तिच्यापुढे तुम्ही रोज उभे राहता. ही मालिका संपल्यावर?"

असो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली. कीर्तने बंद, घरात आम्ही नि नातू. तो मध्येच काही विचारू लागला, तसे आम्ही त्याच्यावर खेकसलो. पडद्यावर तेव्हा वनवासाचाच प्रसंग चालू होता.