सद्वर्तनाचा जमाखर्च

चांगल्या सवयी जडाव्यात म्हणून माणसानें आपल्या वागण्याचा रोजच्या रोज तक्ता भरावा काय, आणि त्यांतील प्रत्येक चांगल्या खुणेबद्दल त्यास कांहीं मोबदला मिळावा काय, हा प्रश्न वरवर पाहतां डॉक्टरांचा वाटतो. मानसोपचारांत अशा तक्त्यांचा उपयोग हल्लीं पुष्कळ होतो. खिन्नतेनें ग्रासलेला गृहस्थ, व्यसनांत सांपडलेला तरुण, एका जागीं क्षणभरही न बसणारें मूल, यांच्यासाठीं एक कागद आंखतात. वर आठवड्याचे वार, डाव्या बाजूस वेळेवर उठणें, स्नान, अर्धा तास चालणें, औषध घेणें अशीं साधीं कामें. जें घडलें त्याच्या घरांत खूण करावयाची. यांत नीतिशास्त्राचा संबंध कोठें आला, असें कोणी म्हणेल. पण जो कागद माणसाच्या वागण्याची किंमत ठरवितो तो निव्वळ कागद राहत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं रामनामानें भरलेल्या आजीच्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत, त्यांना तरी हें वेगळें सांगावयास नको.

असा तक्ता मानसशास्त्रज्ञांनीं शोधून काढला अशी कोणाची समजूत असेल तर ती बरोबर नाहीं. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांनीं आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच्या तक्त्याची हकीकत मोठ्या खुमासदार रीतीनें दिली आहे. तरुणपणीं त्यांनीं नैतिक पूर्णत्व गांठण्याचा संकल्प केला. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा असे तेरा गुण निवडले. एका लहान वहींत प्रत्येक गुणास एक पान देऊन तांबड्या शाईनें सात वारांचीं सात घरें आंखलीं. आणि ज्या दिवशीं जो दोष घडे त्या घरांत काळा ठिपका दिला. एका आठवड्यास एक गुण, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरा आणि वर्षांत चार फेरे. जुने ठिपके खरडून तीच वही पुन्हां पुन्हां वापरल्यानें कागदाला भोंकें पडलीं, तेव्हां त्यांनीं हस्तिदंती पानें घेतलीं. त्यांवरील ठिपके ओल्या स्पंजानें पुसतां येत. व्यवस्थितपणाच्या बाबतींत त्यांनीं शेवटीं हात टेकले. आणि तेरावा गुण जो नम्रता, त्याविषयीं ते कबूल करतात कीं, गर्व पुरता जिंकला असें वाटलें तरी त्या नम्रतेचाच गर्व होण्याचा संभव! पूर्णत्व हातीं लागलें नाहीं, तरी या खटाटोपानें आपण अधिक चांगले व अधिक सुखी झालों, असेंही ते म्हणतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ठिपका देणारे फ्रँकलिन, वाचणारे फ्रँकलिन आणि पुसणारेही फ्रँकलिनच होते.

फळाची आशा धरून केलेलें कर्म कमी दर्जाचें, हें आपण गीतेपासून ऐकत आलों आहों. मग खुणेसाठीं केलेलें स्नान आणि बक्षिसासाठीं पाळलेला नियम यांत पुण्य तें कसलें? आक्षेप वजनदार आहे. पण ज्याची इच्छाशक्ति शाबूत आहे त्यालाच तो लागू पडतो. जो मनुष्य तीन तीन दिवस अंथरुणांतून उठूं शकत नाहीं, त्याला निष्काम कर्माचा उपदेश करणें म्हणजे पाय मोडलेल्याला पंढरीच्या वारीचें माहात्म्य सांगणें होय. ॲरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं म्हटलें आहे कीं, न्यायाचीं कृत्यें करीत राहिल्यानेंच मनुष्य न्यायी होतो. आधीं कृति, मग स्वभाव. परंतु त्याच ग्रंथांत त्यानें एक कसोटीही दिली आहे: गुण अंगीं मुरला कीं नाहीं, हें त्या कृत्यांत माणसाला आनंद वाटतो कीं नाहीं यावरून ओळखावें. तक्त्यांचे अतिउत्साही पुरस्कर्ते पहिली गोष्ट पाठ म्हणतात आणि दुसरी सोयिस्करपणें विसरतात.

या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व अमेरिकेंतील एका मनोरुग्णालयांत स्पष्ट दिसून आलें. इलिनॉय राज्यांत ॲना येथें १९६१ सालीं टिओडोरो आयलॉन व नेथन ॲझ्रिन यांनीं एका वॉर्डांत टोकनांची व्यवस्था सुरू केली. वर्षानुवर्षें तेथें पडून असलेल्या स्त्रियांनीं स्वतःचे केंस विंचरले, स्वयंपाकघरांत वाढण्याचें किंवा कपडे धुण्याचें काम केलें, कीं त्यांना टोकनें मिळत. तीं देऊन आवडीची खोली, बाहेरचा फेरफटका, दुकानांतील एखादी वस्तु घेतां येई. स्त्रिया कामाला लागल्या, आणि हें यश लहान नव्हे. पण तींच टोकनें काम न करतांही मिळूं लागलीं तेव्हां काम थंडावलें. सवय लागली होती, गोडी लागली नव्हती.

याहून मोठा धोका वेगळाच. देण्यासारखें बक्षीस हाताशीं नसेल तर रुग्णाजवळ आहे तेंच आधीं काढून घ्यावें आणि मग मोबदला म्हणून परत करावें, हा मोह बक्षीस देणाऱ्याला सहज होतो. १९७२ सालीं अलाबामा राज्यांतील वायट विरुद्ध स्टिकनी या खटल्यांत न्यायालयानें मनोरुग्णांचे किमान हक्क ठरवून दिले. पोषक अन्न, निजावयास नीट बिछाना, भेटीस येणारीं माणसें हीं त्यांत होतीं. रुग्णालयाच्या देखभालीचें काम रुग्णावर लादण्यासही मनाई झाली. जेवण ही चांगल्या वागणुकीची कमाई नव्हे, हें न्यायाधीशाला सांगावें लागलें! पाढे म्हटल्यावांचून ताट मिळणार नाहीं, असें मुलाला दटावणाऱ्या आपल्याकडील आईबापांनींही हा निकाल मनन करण्यासारखा आहे.

मुलांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक प्रयोग सांगतों. १९७३ सालीं लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघां मानसशास्त्रज्ञांनीं, रंगीत पेनांनीं चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेलीं बालशाळेंतील मुलें निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें कीं चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचें, फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तें न सांगतां दिलें. उरलेल्यांना दिलेंच नाहीं. पुढें मोकळ्या वेळांत पाहिलें तों, कबूल करून बक्षीस दिलेलीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रें काढीत होतीं. ज्यांना तें अवचित मिळालें त्यांची गोडी जशीच्या तशी होती. नातवंडांच्या वाचनाचा तक्ता भिंतीवर लावून पानामागें चॉकलेट वाटणारे आमचे एक मित्र आहेत. त्यांना हें आम्हीं दोनदां सांगितलें, पण व्यर्थ.

उलट, ज्या कामांत गोडी उरलेलीच नाहीं तेथें मोबदला तारकही ठरतो. कोकेनच्या व्यसनांत सांपडलेल्यांवर व्हर्माँट येथें स्टीफन हिगिन्स यांनीं उपचार केले. तपासणींत मादक द्रव्य आढळलें नाहीं कीं व्हाउचर मिळे आणि त्यावर उपयोगी वस्तु घेतां येत. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत व्हाउचर मिळणाऱ्यांपैकीं शेंकडा ७५ जण २४ आठवड्यांचा उपचार पुरा करूं शकले. न मिळणाऱ्यांपैकीं शेंकडा ४०. हीं व्हाउचरें पहिले १२ आठवडेच दिलीं होतीं, हें विशेष.

आमचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं अशाच उपचाराखालीं होता. तो खिन्नतेनें इतका खचला होता कीं आलेलीं पत्रें फोडण्याचेंही त्याच्यानें होईना. ॲरन बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलेल्या रीतीनें, त्याच्या तक्त्यांत प्रत्येक कामापुढें तें कितपत साधलें आणि त्यांत कितपत आनंद झाला, असे दोन आंकडे लिहावयाचे होते. एका आठवड्यांत सगळीं घरें रिकामीं राहिलीं. उपचार करणाऱ्या बाईंना काय तोंड दाखवावें म्हणून त्यानें आदल्या रात्रीं खोटे आंकडे लिहिले, आणि सकाळीं खोडले. बाईंनीं रिकामीं घरें पाहून एवढेंच विचारलें, "कोणत्या दिवशीं सर्वांत जड गेलें?" तो म्हणतो, कीं बरें होण्यास तेथून आरंभ झाला. आम्हांसही तसेंच वाटतें. त्या रात्रीं तक्ता बाईंचा होता, म्हणून खोटें लिहिण्याचा मोह झाला. त्या प्रश्नानें तो त्याचा स्वतःचा झाला. शाळेंत हजेरीचे पट आणि प्रगतिपुस्तकें भरण्यांत आमचा जन्म गेला आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं भरलेल्या चौकटींत खोटेपणा किती सहज शिरतो हें आम्ही चांगलें जाणतों.

आमच्या जुन्या चातुर्मासाच्या नेमांत एक शहाणपण होतें. नेम घेतांनाच तो किती दिवसांचा हें ठरलेलें असे, आणि शेवटीं उद्यापन होई. आतां मोबाइलवरील तक्ते अखंड दिवसांची माळ मोजतात. एक दिवस चुकला कीं आंकडा शून्यावर येतो आणि मनुष्य हिरमुसतो. त्यांना उद्यापन ठाऊक नाहीं. त्या विद्यार्थ्याच्या बाईंनीं मात्र पहिल्याच भेटींत तक्ता कधीं बंद करावयाचा याची तारीख घालून दिली होती. ती तारीख जाऊन आतां वर्ष होत आलें. सकाळीं तो अजून चालावयास जातो, पण तें कोठें लिहीत नाहीं. उरलेल्या आंखीव कागदांच्या पाठीवर त्याच्या घरीं वाण्याची यादी करतात.