बालकाचे रूप : एक ठेव

"चित्रच जर खोटे, तर बालकाची हानी ती कोणती?" असा प्रश्न कोणी कोणी करतात. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्या मुलीच्या साध्या छायाचित्रावरून लज्जास्पद चित्र रचणे कठीण राहिलेले नाही. चित्रातील कृती खोटी खरी. पण मुख तिचे, नाव तिचे, आणि शाळेत मान खाली घालावी लागते तीही तिलाच. दोरीवर भासलेला सर्प मिथ्या असतो, परंतु त्याने उपजलेला कंप मिथ्या नसतो.

आपल्या विधीने हे सत्य मान्य केले आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून रक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली; तेव्हा प्रत्यक्ष बालकाहून निराळे ओळखता न येणारे संगणकनिर्मित चित्रही निषिद्ध चित्रणाच्या व्याख्येत आले. एप्रिल २०२३ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या प्रकृतीविषयी पसरविलेल्या खोट्या चित्रफिती काढून टाकण्याचा आदेश देताना दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, बालक प्रसिद्ध कुळातील असो वा सामान्य घरातील, सन्मानाचा त्याचा अधिकार सारखाच आहे.

तथापि कायदा बहुधा घाव झाल्यावर येतो. त्यापूर्वीचे कर्तव्य गृहस्थाचे आहे. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत 'निक्षेप' हे एक पद आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. ठेव सांभाळणारा तिचा स्वामी नव्हे. अपत्याचे नाम व रूप ही आईबापांकडे असलेली अशीच ठेव होय. ते जाणते होईल तेव्हा ती त्याला अखंड परत द्यावयाची आहे. मग कौतुकाच्या भरात त्याची छायाचित्रे अनोळखी जगापुढे मांडताना आपण क्षणभर थांबावयास नको काय?

अपराध अर्थात् खोटे रचणाऱ्याचाच. म्हणून असा प्रसंग ओढवल्यास मुलीस बोल लावू नये, आणि लोकलज्जेने मौनही धरू नये. पोलिसांत तक्रार करावी. १०९८ हा बालकांसाठीचा साहाय्य क्रमांक आहे. आणि इतरांनी? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीमध्ये 'अपैशुन' गणले आहे. दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर न मांडणे, हा त्याचा अर्थ. आपल्या हाती आलेले तसले चित्र, सावध करण्याच्या निमित्तानेही, पुढे न पाठविणे हे आजचे अपैशुन होय. ते ज्याला साधले, त्याने परक्याचीही ठेव राखली.