डोळ्यांत पाहून बोल!

खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, अशी आपली एक जुनी समजूत आहे. "माझ्या डोळ्यांत पाहून सांग" हे आव्हान नाटकात, शाळेत आणि स्वयंपाकघरात सारख्याच आवेशाने दिले जाते. वास्तविक पक्के लबाड लोक डोळ्यांत डोळे घालून बोलण्यात किती तरबेज असतात, हे ज्याने आयुष्यात जमिनीचा किंवा सोयरिकीचा एक तरी व्यवहार केला आहे त्याला सांगायला नको. पण समजूत ती समजूत! तिचा जाच माझ्या नातवाला शाळेत रोज होतो, म्हणून या विषयाने मला पछाडले आहे.

नातू दहा वर्षांचा आहे, आणि डॉक्टरांच्या भाषेत तो 'स्वमग्न' आहे. मराठीत हा शब्द आता रूढ झाला असला तरी मला तो पसंत नाही. स्वमग्न म्हणजे आपल्यातच बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला. आमच्या घरात कुणाला ठसका लागला तर पाण्याचे भांडे घेऊन सर्वांत आधी धावतो तो हाच. फक्त भांडे पुढे करताना तो भिंतीकडे पाहतो. एकदा बाईंनी फारच आग्रह धरला तेव्हा त्याने विचारले, "मी तुमच्याकडे पाहू, की तुमचे ऐकू?" त्याला ही दोन कामे एकदम होत नाहीत. बाईंना ते उलट उत्तर वाटले.

तसेच शब्दांचे. "गृहपाठ केल्याशिवाय उद्या तोंड दाखवू नकोस," असे बजावल्यावर हे चिरंजीव दुसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल बांधून वर्गात हजर! सारा वर्ग हसला. आम्हीही घरी हसलो, नाही असे नाही. पण त्यानंतर आठवडाभर मुले तोंडाला रुमाल बांधून त्याच्याभोवती नाचत होती, आणि तो मधल्या सुट्टीत डबा न उघडता परत आणत होता.

तेव्हापासून घरात एक वाद सुरू आहे. सूनबाईचे म्हणणे, याला चारचौघांसारखे वागायला शिकवले पाहिजे. डोळ्यांत पाहवत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये पाहा, विनोद कळला नाही तरी सगळे हसले की हस. जग काही आपल्या लेकरासाठी बदलणार नाही. चिरंजीव म्हणतात, हे म्हणजे पोराला जन्मभर नाटकात उभे करणे झाले. दोघांचेही डोळे भरून येतात, त्यामुळे मला कुणाचीच बाजू चटकन घेववत नाही. मुलाला सुखरूप ठेवण्यासाठी त्याला सोंग शिकवावे काय? हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही.

सोंगाची किंमत मात्र मी रोज पाहतो. ज्या दिवशी तो 'अगदी शहाण्यासारखा' वागल्याचा निरोप शाळेतून येतो, त्या दिवशी घरी आल्यावर तासभर तो पलंगाखाली गोधडी ओढून पडलेला असतो. असे आयुष्य काढलेल्या पुष्कळ प्रौढ स्वमग्न माणसांनी आता आपले अनुभव लिहिले आहेत. संशोधकांनाही अशा लपवाछपवीचा आणि मनाच्या काळजीचा, खिन्नतेचा संबंध आढळला आहे.

मग काहीच शिकवू नये? तसे मला वाटत नाही. शिष्टाचार वेगळा आणि सोंग वेगळे. "मला खेळायला घ्याल का?" असे विचारणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, "पुरे, मला हे नको" असे मोठ्याने म्हणता येणे, कुणी छळले तर कुणाकडे जायचे ते ठाऊक असणे, हे त्याच्या उपयोगाचे आहे, ते शिकवलेच पाहिजे, आणि उघड शब्दांत शिकवले पाहिजे. भुवयांच्या मध्ये पाहणे हे केवळ आपल्या समाधानासाठी आहे. हे शिकवता शिकवता आपल्या रीतिभातीत किती पोकळ माल भरला आहे तेही दिसू लागते. शेजारचे अण्णा म्हणाले, "या एकदा घरी." नातवाने विचारले, "कधी? किती वाजता?" अण्णांची जी तारांबळ उडाली!

न समजण्याचा सारा दोष स्वमग्न माणसाच्याच माथी मारण्याची आपली रीत आहे. स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडचे अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडले की ही अडचण दुहेरी आहे: त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. 2020 साली ब्रिटनमध्ये आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग झाला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जायचे. सगळीच माणसे स्वमग्न असलेल्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. म्हणजे बोलणे पोचवण्याची कला त्यांच्यात नाही असे म्हणता येत नाही.

1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अशा 11 मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा. त्याला सारखे मोजण्याचे वेड होते. काही काळ त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. त्यांनी ते वेड मोडले नाही. मापे घेतोस ना, मग विहीर खण आणि किती खोल झाली ते सांग. मक्याच्या ओळी मोजतोस ना, मग नांगरता नांगरता मोज! तिथल्या खेड्यातल्या शाळेनेही त्याचे विक्षिप्तपण चालवून घेतले, आणि तो शिकला. पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळच्या घराण्याची होती, हे मात्र विसरता कामा नये. श्रीमंताच्या मुलाचे विक्षिप्तपण गावाला नेहमीच थोडे गोड लागते.

आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी डोनाल्डचे नाव ऐकलेले नाही. नातवाला खो-खोत पाठीवर थाप सहन होत नाही, हे पाहून त्यांनी त्याच्या हाती घड्याळ आणि गुणांची वही दिली. आता दोन्ही संघ त्याच्याकडे धावतात, कारण तो कुणासाठी अर्धा सेकंदही इकडेतिकडे करत नाही. मागे आपल्याच वर्गाच्या विरुद्ध त्याने निकाल दिला. मुले चिडली, तावातावाने भांडली, पण "तो खोटे सांगणार नाही" असे त्यांच्यातलाच एक म्हणाला. रुमाल बांधून नाचणाऱ्यांत हाही होता.

मला आनंद झाला. तरी मन पुरते निवले नाही. घड्याळ सांभाळता आले म्हणून त्याला जागा मिळाली. ज्याला काहीच सांभाळता येत नाही त्याने काय करायचे? 2016 च्या कायद्याने अशा सर्वच मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. पण मधल्या सुट्टीत शेजारी कुणी बसावे, हे कायद्याच्या कुठल्या कलमात बसणार? उपयोगी पडण्याच्या अटीवर मिळालेली माया मला भाडेपट्ट्यासारखी वाटते. मुदत संपली की जागा रिकामी करा!

त्याच्या वर्गात एक मुलगी आहे. ती बोलत नाही. आकडे नाहीत, पाठांतर नाही, दाखवण्यासारखे काही नाही. सरांना अजून तिच्यासाठी काम सापडलेले नाही. परवा कळले की नातू हल्ली डबा घेऊन जिन्याखाली तिच्याशेजारी बसतो. दोघेही भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी कुतूहलाने विचारले, "तिथे काय बोलता रे?"

"काही नाही," तो पुस्तकातून डोके न काढता म्हणाला, "तिला आवाज आवडत नाही."