झीज आणि गंज

दिवाळीत मातीचा किल्ला करायची आपल्याकडची रीत जुनी. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि बाजारातून मातीची चित्रं आणून जागोजाग उभी करायची. बाजारातला मावळा कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाल गुलाबी, अंगरखा पांढराफेक, तलवारीला चंदेरी रंग. लढाईला नव्हे, लग्नाला निघाल्यासारखा.

माझा नातू पुण्यात कॉलेजला आहे. त्याला ही चित्रं अशी नवी कोरी बघवत नाहीत. तो ती जुनी करतो. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून चित्रावर सोडतो. रंग कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षांचा मळ साठल्यासारखा दिसतो. मग फिका रंग ब्रशला लावून फडक्याला पुसून टाकतो. ब्रश जवळजवळ कोरडा झाला, की उंचवट्यांवरून हलकेच फिरवतो. नाक, गुडघे, ढालीची कड तेवढी उजळते. गंज दाखवायचा असला तर आधी गंजाचा रंग देतो, त्यावर ओल्या बोटानं मीठ चिकटवतो, वरून दुसरा रंग मारतो आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढतो. मीठ होतं तिथं खालचा गंज उघडा पडतो. दोन दिवसांत त्या चित्राच्या अंगावर तीस वर्षं चढतात.

हे बघून कट्ट्यावरचे एकजण म्हणाले, "म्हणजे खोटंच की हे! न खाल्लेल्या पावसाळ्यांची खूण अंगावर काढायची!"

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. जुनेपणाला बाजारात भाव आहे. 1972 सालच्या कायद्यानं पुराणवस्तू म्हणायला 100 वर्षांची अट घातली आहे, हस्तलिखिताला 75. कायदा वर्षं मोजतो. गिऱ्हाईक मात्र रूप बघतं. म्हणून नवं पितळ औषधानं काळं करून आजोबांच्या काळचं म्हणून विकणारे निघतात. रंग काढायची रीत तीच, पण एक फरक आहे. नातवाला कुणी विचारलं तर तो हरखून सांगतो, "परवाच रंगवलंय." त्या विक्रेत्याला विचारा, तो विषय बदलेल. विचारल्यावर खरं सांगता येतं तोवर तो खेळ आहे, कला आहे. सांगता येत नाही तिथून लबाडी सुरू होते.

पण एवढ्यावर सुटका होत नाही. जीन्सची पँट घ्या. ती फिकी करून विकलीय हे दुकानदारालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. फसवणूक कुणाचीच नाही. तरीपण तुर्कस्तानात ती जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा फवारा मारायचे. ती बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाऊन बसली. सिलिकोसिस होऊन तरणी माणसं गेली. 2009 साली तिथल्या सरकारनं या कामावर बंदी घातली. कपड्याची झीज खोटी, पण तिच्यापायी माणसांची फुफ्फुसं खरीच झिजली. म्हणून खरं सांगितलं का, एवढंच विचारून भागत नाही. हे रूप कुणाच्या जिवावर आलं, हेही विचारावं लागतं.

नातवाच्या चित्रानं कुणाच्या जिवाला धक्का नाही. पण तिथंही खऱ्या-खोट्याचा एक प्रश्न राहतोच. त्यानं एका मावळ्याच्या तलवारीला छान गंज चढवला होता. मला म्हणाला, "आबा, बघा, खरी वाटते ना?" मी म्हटलं, "खरी वाटते रे, पण हा मावळा कामावर नाही."

त्याला कळेना. मग त्याला शेतातलं सांगितलं. नांगरट चालू असते तेव्हा फाळ आरशासारखा चकाकतो. रोज मातीत घासणाऱ्या लोखंडाला गंज चढायला सवड नसते. गंज चढतो तो पावसाळाभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या फाळाला. खुरप्याचं तसंच. हातातलं खुरपं झिजून बोटभर उरतं, पण धार लखलखीत असते. झीज कामानं येते, गंज बसून येतो. दोन्हींना आपण 'जुनं' म्हणून मोकळे होतो.

आणि झीज कुठंही येत नाही. उंबरा मधेच झिजतो, कडेला नाही. जुवाचा बैलाच्या मानेवर टेकणारा भाग तेवढा गुळगुळीत होतो, बाकीचं लाकूड खरबरीतच राहतं. पाट्याला मधोमध खळगा पडतो. जात्याचा खुंटा चकाकतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे हात पहाटे त्याच जागी फिरलेले असतात. कोण कुठं उभं राहिलं, कुणी कुठं धरलं, ओझं कुठं पडलं, याची ती साक्ष असते. ती साक्ष न वाचता सगळीकडं सारखाच मळ फासला तर तो देखावा. वाचून रंगवली तर ज्यानं राबून ती उमटवली त्याचा मान राखल्यासारखं होतं.

नातवानं तलवारीचं पातं पुन्हा उजळ केलं आणि मूठ, खांद्यावरचा पट्टा, पायताणं एवढंच काळवंडलं. चित्र आधीपेक्षा कमी जुनं दिसायला लागलं, पण खरं दिसायला लागलं. मला ते खोटं म्हणवत नाही. न पाहिलेल्या माणसाचे कष्ट कुठं कुठं लागले असतील याचा पोरानं विचार केला होता, आणि असा विचार पोरं एरवी फारशी करत नाहीत.

जुन्याची आवड आता सगळीकडं आहे. शहरातल्या हॉटेलांत भिंतीवर बैलगाडीची चाकं टांगलेली असतात. त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या चाकाच्या घासलेल्या धावेकडं बघून छान म्हणणाऱ्यानं, ती ओढणाऱ्या बैलाच्या खांद्याचीही एकदा आठवण काढावी. खूण आवडते आणि कष्ट नकोसे वाटतात, तेव्हा आवडीत काहीतरी खोट असते.

माणसाचंही असंच आहे. साठी उलटली की घरचे मायेनं म्हणतात, आता बसा. गुडघे दुखतात हे खरं, पण ते उसाच्या सरीत झिजलेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. बसून बसून कोपऱ्यातल्या फाळासारखं होण्याची मात्र भीती वाटते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही म्हातारे सारखेच दिसतील. म्हणून सकाळी खुरपं घेऊन बांधापर्यंत तरी जातोच.